पिवळा पीतांबर

मराठीच्या शिक्षकानें पुनरुक्तीचा दोष शिकविण्यास आरंभ केला कीं दोन उदाहरणें ठरलेलींच असतात: 'पिवळा पीतांबर' आणि 'गाईचें गोमूत्र'. पीत म्हणजे पिवळें व अंबर म्हणजे वस्त्र. तेव्हां पीतांबर हा पिवळाच असावयाचा, त्यास आणखी पिवळा म्हणणें व्यर्थ होय. गोमूत्रांत गाय आहेच. तिला पुन्हा हांक मारण्याचें कारण नाहीं. मुलें हंसतात, शिक्षक संतुष्ट होतो, व परीक्षेंत या प्रश्नाचे गुण हमखास मिळतात. आम्हींहि हीं उदाहरणें पुष्कळ वर्षें याच रीतीनें शिकविलीं. परंतु अलीकडे या विषयाकडे पाहण्याची आमची दृष्टि पालटली आहे, आणि ती पालटण्यास एका विद्यार्थ्याचें प्रगतिपुस्तक कारण झालें. तो प्रसंग पुढें येईलच. प्रथम पीतांबराचाच विचार करूं.

कापडाच्या दुकानांत जाऊन नुसतें "पीतांबर दाखवा" असें म्हणावें. दुकानदार लगेच विचारील, "कोणत्या रंगाचा?" हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. पीतांबर हा शब्द जन्मला तेव्हां पिवळ्या वस्त्राचा वाचक होता; आज तो सोवळ्यास किंवा मंगलकार्यास नेसावयाच्या रेशमी वस्त्रास लागतो, आणि तें वस्त्र तांबडें असतें, जांभळें असतें, हिरवेंहि असतें. अशा दुकानांत 'पिवळा पीतांबर' मागणारें गिऱ्हाईक एक शब्दहि वायां घालवीत नाहीं. तेलाची गोष्ट याहून मौजेची आहे. तेल हा शब्द संस्कृत 'तैल' यापासून आला, व तैल म्हणजे तिळापासून निघालेलें. मूळ अर्थ धरून बसलें तर 'तिळाचें तेल' ही पुनरुक्ति, आणि 'भुईमुगाचें तेल' ही चक्क असत्योक्ति ठरेल! इतकेंच नव्हे, तर एरंडेल व खोबरेल या शब्दांच्या पोटांत तेल एकदां येऊन गेलेलें असतां आपण घरोघर 'एरंडेल तेल', 'खोबरेल तेल' असें म्हणतों. आणि ज्या मुलास एरंडेल प्यावें लागतें त्यास त्या पुनरुक्तीचें कांहींच वाटत नाहीं. आमच्या मेजावरील शाईहि त्याच मासल्याची. फारशींत 'सियाही' म्हणजे काळेपणा. त्यावरून आपली शाई. तेव्हां 'काळी शाई' ही पुनरुक्ति झाली, आणि ज्या तांबड्या शाईनें आम्ही वर्षभर वह्या तपासतों ती तर 'तांबडा काळेपणा', म्हणजे उघड व्याघात! तरी ती लिहिते, व तिनें लिहिलेलें सहसा पुसत नाहीं.

यावरून एवढें दिसतें कीं, शब्दांची पुनरुक्ति केवळ व्युत्पत्तीवरून ठरवितां येत नाहीं. बोलणारा व ऐकणारा यांच्या मनांत त्या घटकेस शब्दाचा जो अर्थ असेल त्यावरून ती ठरते. भूगोलाच्या पुस्तकांत 'विंध्याचल पर्वत' असें वाचावयास मिळतें. अचल म्हणजेच पर्वत, हें ज्यास ठाऊक आहे त्यास दुसरा शब्द अधिक वाटेल. परंतु चौथींतील मुलास विंध्याचल हा पर्वत आहे, नदी आहे कीं शहर आहे, हें त्या अधिक शब्दानेंच कळतें.

आमचें तळोदा अशा जोडशब्दांस अनुकूल अशा जागीं वसलेलें आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी, पश्चिमेस थोड्याच अंतरावर गुजरातची सीमा. १९०६ सालीं खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हां हा तालुका पश्चिम खानदेशांत गेला. तोच पुढें धुळें जिल्हा झाला, आणि १ जुलै १९९८ पासून आपण नंदुरबार जिल्ह्यांत आहोंत. बाजाराच्या दिवशीं पेठेंत उभें राहिलें तर एका मिरचीच्या ढिगाभोंवतीं भिली, पावरी, अहिराणी, गुजराती व मराठी अशा बोली ऐकूं येतात. विकणारा एका बोलींत भाव सांगतो, घेणारा दुसरींत तो पाडून मागतो, आणि मध्येंच एकच वस्तु दोन भाषांतील दोन नांवांनीं एका दमांत उच्चारली जाते. एक नांव न कळल्यास दुसरें कळेल, हा त्यांतील हेतु.

मराठी भाषेनें हेंच काम शेंकडों वर्षें केलेलें आहे. ती वाढली त्या काळांत दीर्घकाळ दरबारांत फारशी चाले व घरांत मराठी. त्या दोहोंच्या सांध्यावर शब्दांचीं जोडपीं तयार झालीं. 'बाजारहाट' यांतील बाजार फारशी, हाट आपला. 'कागदपत्र' यांतील कागद फारशीच्या वाटेनें आला, पत्र संस्कृत. 'धनदौलत', 'लाजशरम', 'रीतिरिवाज', 'बळजबरी' या प्रत्येकांत पहिला शब्द इकडचा, दुसरा तिकडचा, आणि अर्थ बहुतांशीं एकच. पालकांपैकीं कोणाच्या पेटींत जमिनीचें जुनें खरेदीखत असेल तर तें त्यांनीं काढून पाहावें. लिहून देणार तें 'राजीखुशीनें व अक्कलहुशारीनें' लिहून देतो. राजी आणि खुशी, अक्कल आणि हुशारी! तर्कशास्त्री येथें चारांतून दोन शब्द कापून टाकील. परंतु खत लिहिणाऱ्या कारकुनास तर्कशास्त्र्याची भीति नव्हती, कज्जाची होती. "मी राजी होतों, पण माझी खुशी नव्हती," असें म्हणावयास पुढें कोणी उठूं नये म्हणून त्यानें दोन्ही दारांस कड्या घातल्या.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून १६७७ च्या सुमारास राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. त्यांत दरबारी फारशी व अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. कोश म्हणजे तरी दुसरें काय? 'अमुक म्हणजे तमुक' अशा विधानांची एक लांब रांग. अमुक व तमुक हे खरोखरच एक असतील तर त्या विधानानें जगाविषयीं कांहींच सांगितलें नाहीं. पण ज्यास दोहोंपैकीं एकच शब्द येत होता त्यास पुष्कळ सांगितलें. विधान रिकामें आहे कीं भरलेलें, हें विचारतांना 'कोणासाठीं' हेंहि विचारावें लागतें.

आपल्या न्यायशास्त्रकारांस ही गोष्ट चांगली ठाऊक होती. गौतमाच्या न्यायसूत्रांत वाद करणारा कोठें कोठें हरतो याचीं बावीस स्थानें सांगितलीं आहेत. त्यांस निग्रहस्थानें म्हणतात. 'पुनरुक्त' हें त्यांपैकीं एक. तोच शब्द अथवा तोच अर्थ निष्कारण पुन्हा बोलणारा वादी हरला असें समजावें. मात्र या नियमास सूत्रकारांनीं लगेच एक अपवाद जोडून दिला, तो 'अनुवादा'चा. कांहीं प्रयोजन धरून केलेली पुनरुक्ति ती अनुवाद, व तींत दोष नाहीं. विहिरीच्या कांठावर उभें राहून "धांवा, धांवा" असें ओरडणाऱ्यास एकदांच ओरडावयास कोणी सांगत नाहीं. आज आपण अनुवाद हा शब्द भाषांतर या अर्थीं वापरतों, म्हणजे एका भाषेंत सांगितलेलें दुसरींत पुन्हा सांगणें. बाजारहाट हा शब्द दोन्ही अर्थांनीं अनुवादच नव्हे काय?

आतां शब्दांकडून वाक्यांकडे वळूं. "आई ती आईच." "पोरें तीं पोरेंच." या वाक्यांत जें उद्देश्य तेंच विधेय. बाह्यतः हीं तर्कशास्त्रांतील तादात्म्याच्या नियमाचीं, म्हणजे 'क हा क आहे' या विधानाचीं उदाहरणें दिसतात, व 'क हा क आहे' यानें कोणाच्याहि ज्ञानांत भर पडत नाहीं. परंतु "आई ती आईच" हें ऐकून ज्याच्या ज्ञानांत भर पडली नाहीं असा मनुष्य विरळा. पहिल्या 'आई'नें व्यक्ति सांगितली, दुसऱ्या 'आई'नें गुण सांगितले. शब्द एक असला तरी काम दोन आहेत. शिवाय बोलणाराहि पाहावा लागतो. "पोरें तीं पोरेंच" असें आजी म्हणते तेव्हां ती क्षमा असते. खिडकीची कांच फुटलेला शेजारी म्हणतो तेव्हां ती तक्रार असते.

खरोखर रिकामें वाक्य निराळें. "उद्यां तापीला पूर येईल किंवा येणार नाहीं." हें भाकीत कधींहि खोटें ठरणार नाहीं, पण तें ऐकून नदीकांठच्या शेतकऱ्यास आपलीं गुरें कोठें बांधावीं हें कळणार नाहीं. ऑस्ट्रियांत जन्मलेले तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनस्टाइन यांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत अशा विधानांचें स्वरूप फार स्वच्छ रीतीनें उलगडून दाखविलें. त्यांची रीति शाळेंतील मुलासहि करतां येण्याजोगी आहे. 'पूर येईल' हें विधान खरें असेल किंवा खोटें असेल, दोनच पर्याय. कागदावर दोन ओळी आंखाव्या. पहिल्या ओळींत पूर येईल हें खरें धरावें. मग 'येईल किंवा येणार नाहीं' हें संपूर्ण वाक्य खरें. दुसऱ्या ओळींत तें खोटें धरावें. मग 'येणार नाहीं' हा भाग खरा, म्हणून संपूर्ण वाक्य पुन्हा खरेंच. प्रत्येक ओळींत खरें ठरणाऱ्या विधानास मराठी तर्कशास्त्रांत 'सर्वतः सत्य' म्हणतात. तें प्रत्येक ओळींत खरें आहे याचा अर्थच असा कीं, तें कोणतीहि ओळ खोडीत नाहीं. आणि जें कांहींच खोडीत नाहीं तें कांहींच सांगत नाहीं. याउलट, "उद्यां पूर येईल" असें म्हणणारा खोटा पडण्याचा धोका पत्करतो, व त्या धोक्याच्या मोबदल्यांत आपल्याला माहिती देतो.

मग असलीं विधानें टाकाऊ समजावीं काय? येथें आम्ही घाई करणार नाहीं. एक गणित घ्या. लागोपाठच्या दोन पूर्ण संख्यांचा गुणाकार नेहमींच सम येतो: ७ × ८ = ५६, ८ × ९ = ७२, १३ × १४ = १८२. नेहमींच येतो हें कशावरून? सर्व संख्या तपासणें तर अशक्य. आतां एक रिकामें विधान मांडूं: पहिली संख्या सम आहे किंवा सम नाहीं. सम असेल तर गुणाकार सम झालाच. सम नसेल तर ती विषम, म्हणून तिच्या पुढची संख्या सम, व गुणाकार पुन्हा समच. दोन्ही वाटा एकाच गांवीं आल्या, आणि अगणित संख्यांविषयींचें सत्य चार ओळींत हातीं लागलें. तराजूच्या दांडींत स्वतःचें असें एक गुंजभरहि धान्य नसतें. तरी तिच्यावांचून धान्य तोलतां येत नाहीं.

सर्वतः सत्य विधान व स्वयंसिद्ध विधान या दोहोंत मात्र पुष्कळजण घोटाळा करतात. पहिलें आपल्या घडणीमुळेंच खरें असतें; दुसरें आपल्याला खरें वाटतें, इतकें कीं त्यास पुरावा मागण्याचें मनांतहि येत नाहीं. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथें युक्लिडनें आपली भूमिति अशा कांहीं विधानांवर उभारली. 'अंशापेक्षां पूर्ण मोठें' हें त्यांतील एक. भाकरीच्या चतकोरापेक्षां भाकरी मोठी, यांत काय संशय? परंतु १६३८ सालीं गॅलिलिओनें एक पेंच घातला. १, २, ३, ४ या क्रमानें सर्व संख्या एका ओळींत लिहा. त्यांच्याखालीं त्यांचे वर्ग १, ४, ९, १६ असे लिहा. वर्गसंख्या या सर्व संख्यांचा केवळ एक अंश आहेत, मधल्या २, ३, ५ वगैरे त्यांत नाहींत. तरी वरच्या प्रत्येक संख्येखालीं एक वर्ग येतोच, एकहि जागा रिकामी राहत नाहीं. मग अंश लहान कसा? भाकरीविषयीं जें खरें तें अनंत संख्यांच्या ओळीविषयीं तसेंच्या तसें खरें नाहीं, हें एकोणिसाव्या शतकांत गेओर्ग कांटोर यांनीं पुढें नीट शास्त्र रचून दाखविलें.

समांतर रेषांची कथा याहून लांबलचक आहे. रेषेबाहेरील एका बिंदूंतून त्या रेषेस समांतर अशी एकच रेषा काढतां येते, हें युक्लिडचें गृहीत आज बहुतेक याच रूपांत शिकविलें जातें. तें सिद्ध करूं पाहणारांत तेराव्या शतकांतील नसीरुद्दीन तूसी हा थोर ज्योतिर्विद होता. आणि त्याच्याच अरबी पाठावरून जयपूरच्या सवाई जयसिंगाचे पंडित जगन्नाथ सम्राट यांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं युक्लिडचा ग्रंथ 'रेखागणित' या नांवानें संस्कृतांत आणला. दोन हजार वर्षें शहाण्या शहाण्या माणसांनीं केलेला प्रयत्न फसला, तो त्यांची बुद्धि तोकडी होती म्हणून नव्हे. १८२९ सालीं रशियांत लोबाचेव्हस्की यांनीं व १८३२ सालीं हंगेरींत बोयाई यांनीं तें गृहीत बाजूस सारून दुसरीच भूमिति रचून दाखविली, आणि तींत कोठेंहि विसंगति निघाली नाहीं. वर्गांतील पृथ्वीचा गोल पाहा. विषुववृत्तावर दोन रेखावृत्तें काटकोनांत उभीं असतात. वहींत अशा दोन रेषा कधींच मिळणार नाहींत, गोलावर त्या ध्रुवापाशीं मिळतात. जें स्वयंसिद्ध वाटत होतें तें सपाट कागदाविषयीं होतें.

येथवर झालेली चूक भूमितींतली होती. तिनें फार तर एखादी आकृति बिघडते. माणसांच्या व्यवहारांत हीच चूक झाली तर माणसें चिरडलीं जातात. ४ जुलै १७७६ च्या अमेरिकेच्या जाहीरनाम्यांत सर्व माणसें समान निर्माण झालेलीं आहेत, हें सत्य स्वयंसिद्ध म्हणून मांडलेलें आहे. जाहीरनाम्याचा मुख्य लेखक थॉमस जेफर्सन हा स्वतः गुलामांचा धनी होता. त्या देशांत गुलामगिरी कायद्यानें नष्ट व्हावयास १८६५ साल उजाडलें, व त्यापूर्वीं चार वर्षांचें भयंकर यादवी युद्ध झालें. जें स्वतःच सिद्ध होतें तें सिद्ध करावयास नव्वद वर्षें लागलीं! इकडे पुण्यास, स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहून तो गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केला. कारण येथें त्याच्या अगदीं उलट गोष्ट स्वयंसिद्ध मानली जात होती: जन्मानेंच कोणी उच्च व कोणी नीच असतो, आणि मुलींस व शूद्रातिशूद्रांस विद्या नको. ती इतकी स्वयंसिद्ध होती कीं, १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढणें हा कित्येकांस वेडेपणा वाटला. आपल्या राज्यघटनेनें या बाबतींत जास्त शहाणपण केलें असें आम्हांस वाटतें. तिनें समता स्वयंसिद्ध आहे असें म्हणून सोडून दिलें नाहीं. कायद्यापुढें सर्व समान हें कलम १४ म्हणून व अस्पृश्यता नष्ट हें कलम १७ म्हणून लिहून ठेवलें. लिहून ठेवलेल्या कलमावर न्यायालयांत दाद मागतां येते.

राहिला तो पुनरुक्तीचा सर्वांत वाईट प्रकार: कारणाचा वेष घेतलेली पुनरुक्ति. फ्रेंच नाटककार मोलिएर यानें १६७३ सालच्या आपल्या एका प्रहसनांत एका वैद्यकीच्या उमेदवाराची परीक्षा दाखविली आहे. अफूनें झोंप कां येते, असें त्यास विचारतात; अफूंत झोंप आणण्याची शक्ति आहे म्हणून, असें तो उत्तर देतो, आणि परीक्षक त्याची वाहवा करतात. प्रेक्षक हंसले, पण याच धर्तीचीं उत्तरें आपण रोज गंभीरपणें देतों व घेतों. आपल्या नैयायिकांनीं या दोषास 'अन्योन्याश्रय' असें नेमकें नांव ठेवलें आहे: दोन लंगडे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे, आणि दोघांसहि वाटतें कीं दुसरा भक्कम आहे.

ब्रिटिश सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला, व १९११ च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यासहि लागू झाला. कायद्यानें एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली कीं, तींतील माणसांचीं नांवें नोंदलीं जात व त्यांस ठराविक जागीं हजेरी द्यावी लागे. हजेरी चुकली कीं तोच गुन्हा. मनुष्य गुन्हेगार कां? जमात गुन्हेगार म्हणून. जमात गुन्हेगार कशावरून? तींतील माणसांच्या नांवावर गुन्हे आहेत त्यावरून. सोलापुरास अशा लोकांची कुंपणांतील वसाहत होती. १९५२ सालीं तो कायदा देशभर रद्द झाला. त्याचा तर्क मात्र कायद्याच्या पुस्तकांतून उठून इतरत्र राहावयास गेला. मुलगा मागें कां? मागासलेल्या वस्तींतला म्हणून. वस्ती मागासलेली कशावरून? तेथील मुलें मागें आहेत यावरून. आमच्या पेशांतील माणसें असें बोलत नाहींत, असें आम्ही छातीवर हात ठेवून म्हणूं शकत नाहीं.

कारण तें वाक्य आमच्याच हातचें आहे. सहामाही परीक्षेनंतर प्रगतिपुस्तकें भरतांना एका मुलापुढें आम्हीं तांबड्या शाईनें लिहिलें: "गणितांत कच्चा असल्यामुळें गणितांत अनुत्तीर्ण." मुलगा सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा; घरीं पावरी बोलणारा, वर्गांत न बोलणारा. चार दिवसांनीं त्याचा बाप प्रगतिपुस्तक घेऊन शाळेंत आला. त्यानें तें थोरल्या मुलीकडून वाचून घेतलें होतें. तो रागावलेला नव्हता. "पोरगं कच्चं आहे हें घरीं ठाऊकच होतं, गुरुजी," तो म्हणाला. "कशानं कच्चं राहिलं, तें यांत कुठं लिहिलंय, तेवढं दाखवा."

आम्हीं वाक्य पुन्हा वाचलें. 'मुळें' हा शब्द त्यांत ठळक होता. कारण कोठेंच नव्हतें. अफूंत झोंप आणण्याची शक्ति होती, इतकेंच.

त्या दिवशीं शाळा सुटल्यावर मुलास थांबवून घेतलें व त्याची उत्तरपत्रिका काढली. व्याजाचीं सहा उदाहरणें होतीं. पांच चुकलेलीं, एक बरोबर. एक नमुना देतों: "द. सा. द. शे. ५ दरानें ८०० रुपयांचें ३ वर्षांचें सरळव्याज किती?" उत्तर १२० रुपये, त्यानें लिहिलें होतें ४०. दुसऱ्या एका उदाहरणांत मुदत दोन वर्षांची होती, तेथें त्याचें उत्तर बरोबर निम्में. जें एक उदाहरण बरोबर आलें होतें त्यांत मुदत एका वर्षाची होती. म्हणजे मुलगा गुणाकार चुकत नव्हता, भागाकार चुकत नव्हता; प्रत्येक वेळीं तो एकाच वर्षाचें व्याज काढून थांबत होता, आणि तें अगदीं अचूक काढीत होता. हें त्या पांच उत्तरांवर स्वच्छ लिहिलेलें होतें. आम्हीं त्यांवर पांच फुल्या मारल्या होत्या.

असें कां केलें, म्हणून विचारलें. पुष्कळ वेळानें तो बोलला. 'द. सा. द. शे.' म्हणजे 'दर साल दर शेंकडा' हें त्यास पाठ होतें. 'दर' हा शब्द त्यास बाजारांतून ठाऊक होता: मिरचीचा दर, कापसाचा दर, म्हणजे भाव. एका वाक्यांत तो तीनदां आलेला पाहून त्यानें असा विचार केला कीं, बाजारांत माणसें एकच गोष्ट दोनदां तीनदां बोलतात, तशीच ही बोलण्याची रीत असेल. शेवटचा दर त्यानें धरला, शेंकडा धरला, आणि 'दर साल' हें ओझें उतरवून ठेवलें. सालच गेल्यावर वर्षांनीं गुणावयाचें राहिलें कोठें? वर्गांत 'पिवळा पीतांबर' शिकवितांना अधिक शब्द गाळावा असें त्यास सांगणारेहि आम्हीच होतों. पहिल्या दोन ठिकाणीं 'दर' म्हणजे 'प्रत्येक' व तिसऱ्या ठिकाणीं 'भाव', हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें. आम्हांस तें सांगण्यासारखें वाटलेंच नव्हतें, इतकें तें स्वयंसिद्ध होतें.

"दर साल म्हणजे प्रत्येक वर्षाला" असें त्या मुलास सांगावयास अर्धें मिनिट लागलें. मग त्यानें आपण होऊन पांचहि उदाहरणें तेथेंच बांकावर पुन्हा सोडविलीं, व शेवटचें सोडवितांना ओठांतल्या ओठांत "प्रत्येक वर्षाला, प्रत्येक शंभराला" असें म्हणत होता.

दुसऱ्या दिवशीं प्रगतिपुस्तक मागवून घेतलें. तें वाक्य खोडलें, आणि त्याखालीं त्याच तांबड्या शाईनें लिहिलें: "'दर' या शब्दाचे दोन अर्थ शिकविण्याचें राहून गेलें होतें. व्याजाचीं उदाहरणें आतां बरोबर सोडवितो." मुलानें तें वाचलें, पुस्तक पिशवींत घातलें, व घरीं बहिणीकडून वाचून घ्यावें लागणार नाहीं, आपणच बापास वाचून दाखवूं, असें सांगून गेला.